इंग्लंडमधलं व्हॅरम पर्सी हे गाव प्लेगमुळे ओसाड पडलं का?

नाही, निदान थेट तरी नाही. यॉर्कशायरमधलं हे गाव १३४८-४९च्या प्लेगनंतरही जवळपास दीडशे वर्षं वसलेलं होतं, शेवटची काही घरं १५००च्या आसपास उठली आणि ती रोगाने नाही तर मेंढ्यांमुळे, म्हणजे जमीनमालकाला धान्यापेक्षा लोकरीत जास्त पैसा दिसला म्हणून त्याने नांगरटीची जमीन कुरण करून टाकली आणि कुळांना चक्क हाकलून दिलं. हे कशावरून, तर एक म्हणजे जुनी कागदपत्रं आणि दुसरं म्हणजे इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या टीमने तिथे १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात केलेलं उत्खनन, इतकं चिकाटीने खणलेलं मध्ययुगीन खेडं इंग्लंडमध्ये क्वचितच सापडेल. फक्त प्लेगला अगदी क्लीन चिट देऊ नका हं, कारण माणसं मेल्यामुळे मजूर महागले, धान्याची मागणी घटली, म्हणून तर मेंढ्या परवडायला लागल्या. आणि गाव उठलं तरी तिथलं सेंट मार्टिन चर्च विसाव्या शतकापर्यंत वापरात होतं, शेजारच्या गावांतली माणसं यायची, आता मात्र छप्पर नसलेल्या भिंती उरल्यात.