पिशवी काढली, पण अंडाशयं?

प्रश्न : डॉक्टरबाई, मी केज तालुक्यातली, वय ४३. बारा वर्षं नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेले. ३३व्या वर्षी अंगावरून जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात पिशवी काढली. तेव्हापासून अंग भाजतं, रात्री घाम फुटतो. आता कंबर धरते. मागच्या महिन्यात न्हाणीत घसरले तर मनगटच मोडलं. गावात कॅल्शियमची सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतं. घरगुती काही सांगा.

उत्तर : ताई, घरगुती सांगतेच, पण आधी पेटीतून त्या दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद काढा. नुसती पिशवी काढली की अंडाशयंही, ते त्यावर लिहिलेलं असतं. पिशवी गेली की पाळी थांबते. अंडाशयं गेली तर त्यांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरकच आटतं, आणि हाडांच्या झिजेला आवर घालतं ते तेच. ऑपरेशन झाल्याबरोबर अंग भाजायला लागलं म्हणता, म्हणून मला अंडाशयं गेल्याचीच शंका येते. तसं असेल तर इतर बायकांची हाडं पन्नाशीच्या आसपास झपाट्यानं झिजू लागतात, तुमची तेहतिशीलाच लागली. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्यावर केवढी चर्चा झाली, समिती नेमली गेली. त्यांच्या हाडांचं मात्र माझ्या कानावर फारसं आलं नाही.

कंबर दुखते म्हणजे हाड ठिसूळ, असं नाही. ठिसूळ हाड मोडेपर्यंत गप्प असतं. तुमची कंबर मोळ्या उचलूनही धरली असेल. मनगट मोडलं, ती खूण मला जास्त खरी वाटते. कागद घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला स्त्रीरोग विभागात जा, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कुठं होईल ते विचारा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्यायच्या का, तेही तेच ठरवतील. अंडाशयं गेली असतील तर नुसत्या खाण्यावर भागणार नाही.

सलाईन बंद करा. बरं वाटतं ते तासभर कुणी उठवत नाही म्हणून असावं! त्या पैशात तीळ आणा.

दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारी गुणाची, पण १०० ग्रॅम पिठात ते जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. म्हणून भाकरीपेक्षा भाकरीवर काय घेता ते बघा. सालीसकट तीळ कढईत तडतडेपर्यंत भाजा, लसूण-मिरची-मीठ घालून जाडसर कुटा. दोन चमचे तिळात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. संक्रांतीचे पांढरेशुभ्र सोललेले तीळ नकोत, सालीबरोबर बरंच कॅल्शियम जातं. जवस, कारळाची चटणीही चालेल. शेवग्याचा पाला, तांदुळजा फुकटात मिळतो. आणि सगळं दूध डेअरीला घालून घरात चहापुरतं ठेवायची आपली रीत मोडा. एक ग्लास तुमच्यासाठी काढून ठेवा, नाहीतर वाटीभर दही.

खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, ते कातडीवर ऊन पडलं की तयार होतं. लुगड्यावर पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालून दिवसभर रानात राहिलात तरी ऊन कातडीला लागत नाही. हिवाळ्यात दुपारच्या आधी वीसेक मिनिटं हात-पाय उघडे ठेवून बसा. मे महिन्यात हा उद्योग नको.

रोज अर्धा तास चाला. चौकट धरून एका पायावर उभं राहायची सवय करा, तोल राहतो. न्हाणीतलं शेवाळ आजच घासून काढा.

आणि मिश्री लावत असाल तर तीही सोडा. तंबाखूनं हाडं झिजतात. एकदम सुटत नसेल, तर आधी रात्रीची बंद करा.