ॲल्युमिनियम, पत्रा की काच: किनाऱ्यावरच्या घरासाठी कॅबिनेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणात घरी व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी बांधायचाय आणि दोन कॅबिनेटं नजरेत आहेत. एक पुढून आणि बाजूने काच असलेलं, दुसरं लहानसं, ॲल्युमिनियमचं. दुकानदार म्हणतो, ॲल्युमिनियम थंड राहतं आणि गंजत नाही, म्हणून जास्त पैसे मोजा.

गंजाबद्दल त्याचं बरंचसं बरोबर आहे, थंडाव्याबद्दल नाही. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी चांगलं उष्णतावाहक आहे, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचायला तर हवी! प्रोसेसरची उष्णता कूलरच्या पात्यांवरून हवेत जाते आणि ती हवा पंखे बाहेर फेकतात. मदरबोर्ड पत्र्याला टेकलेलाही नसतो, पितळी स्टँडऑफवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, वर उचललेला असतो. कॅबिनेटची भिंत खरोखर उष्णता ओढते ती स्ट्रीमकॉमसारख्या कंपन्यांच्या बिनपंख्याच्या कॅबिनेटांत, कारण तिथे प्रोसेसरपासून निघालेले हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, थेट बाजूच्या जाड ॲल्युमिनियमला जोडलेले असतात. तुम्हाला मोठं ग्राफिक कार्ड लावून तासन् तास रेंडर करायचंय, त्याला ही रचना चालणार नाही.

तापमान ठरतं ते हवेच्या वाटेवर. पुढचा भाग जाळीचा असेल आणि मागे पंखा ओढत असेल तर साध्या पत्र्याचं कॅबिनेटही उत्तम थंड राहतं. पुढे सलग काच आणि कडेला बोटभर फट असेल, तर आत कितीही महाग धातू असो, पंखे नुसते आवाज करतात. पुढून आणि बाजूने काच असलेला, ज्याला सगळे फिश टँक म्हणतात, तो प्रकार वाईट नाही. लियान ली कंपनीच्या २०१८ च्या ओ११ डायनॅमिक कॅबिनेटनंतर त्याची लाटच आली. पण त्यात पुढून हवा येत नाही. ती तळातून आणि बाजूने घ्यावी लागते, म्हणजे तिथे पंखे हवेतच, आणि ते बऱ्याचदा कॅबिनेटबरोबर मिळत नाहीत. तो खर्च धरूनच तुलना करा.

आता गंज. तुमच्या हवेत खरा विचार याचाच करायचा. बहुतेक कॅबिनेटं एसईसीसी पत्र्याची असतात, म्हणजे कोल्ड-रोल्ड पोलादावर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला जस्ताचा पातळ थर, आणि बाहेरून रंग. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे सपाट भागाची काळजी नको. भानगड होते ती कापलेल्या कडा, स्क्रूची भोकं आणि ओरखडे यांच्यापाशी. स्वस्त कॅबिनेटात मागच्या स्लॉटची झाकणं पत्र्यातच कोरलेली असतात. ग्राफिक कार्ड बसवायला ती वाकवून तोडायची की तिथे उघडी धार राहते. खाऱ्या हवेत त्या धारेवर आधी पांढरी भुकटी दिसते, मग तांबूस ठिपके. म्हणून स्क्रूने लागणारी, परत बसवता येणारी झाकणं असलेलंच कॅबिनेट घ्या. कुठे धार उघडी राहिलीच तर सगळे भाग बसवायच्या आधी तिच्यावर रंगहीन नेलपॉलिशचा हात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि खरंच उपयोगी पडतं.

पत्र्याची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत असते. जाहिरातीत ती क्वचितच लिहितात. दुकानात बाजूचं झाकण काढा, समोरासमोरचे दोन कोपरे धरा आणि हलकेच पीळ देऊन बघा. पापडासारखं लवलं तर ठेवून द्या. एडिटिंगचा साठा हार्ड डिस्कवर असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि पातळ पत्रा तिच्याबरोबर घूं घूं करत बसतो. नुसत्या एसएसडी असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

ॲल्युमिनियमबद्दल माझं मत वाईट नाही. वजन पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश, अॅनोडाइज केलेलं (विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेलं) असेल तर दिसायला सुरेख आणि तुमच्या हवेत टिकाऊ. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच, म्हणून ते जाड घ्यावं लागतं आणि किंमत वाढते. शिवाय मऊ धातूत पोलादी स्क्रू पुन्हा पुन्हा काढून घातले की आटे जातात. तिथे ड्रिल मशीन लावू नका, हातानेच आवळा, आणि अडकला की थांबा. दुकानात छोटं लोहचुंबक घेऊन जा. ॲल्युमिनियम म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कॅबिनेटांत फक्त पुढची पट्टी ॲल्युमिनियमची असते, सांगाडा पत्र्याचाच. चुंबक चिकटलं की कळलं.

आकाराबद्दल जास्त लिहीत नाही. मदरबोर्डाचे नेहमीचे तीन आकार: एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. शेवटच्यात बहुधा रॅमच्या दोनच जागा आणि कार्डाला एकच स्लॉट. एडिटिंगसाठी पुढे रॅम आणि डिस्क वाढणारच, तेव्हा लहान ॲल्युमिनियमचं कॅबिनेट त्यासाठीही गैरसोयीचं. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मात्र कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. चांगले टॉवर कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यांच्यावर बसतच नाही.

एका बाजूला काच असायला हरकत नाही, फक्त टेम्पर्ड असू द्या. ॲक्रिलिकवर पुसता पुसता ओरखडे पडतात. टेम्पर्ड काच मधोमध भरपूर मार सोसते, पण कड आणि कोपरा तिची कमजोर जागा. तापवून झटकन थंड केल्यामुळे तिच्या आत ताण कोंडलेला असतो. फरशीवरच्या टाइलवर कोपरा जरा आपटला तरी तो ताण सुटतो आणि सगळ्या काचेचे खडे होतात. झाकण काढलं की ते गोधडीवर आडवं ठेवायचं, भिंतीला टेकवून टाइलवर उभं करायचं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर जाळीच्या तोंडाचं, ताठ पत्र्याचं, धुण्याजोगी फिल्टर असलेलं मिड टॉवर (मध्यम आकाराचं उभं कॅबिनेट) घेतलं असतं आणि वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, घातले असते.

आणि घरचं अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे सांगाड्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण मागच्या उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. रंगाचा किंवा अॅनोडाइजचा थर वीज अडवतो, म्हणून झाकणाला हात लावून काही जाणवलं नाही तर अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. पॉवर केबलची तिसरी पिन काढून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये तर कधीच घालू नका.