पडवीतला जुना पंप

प्रश्न : वडिलांच्या वेळचा पेट्रोल-रॉकेलवर चालणारा पंप पावसाळाभर पडवीत होता. आता आगरातल्या सुपारीला पाणी लावायचं, तर सुरूच होत नाही. मेकॅनिक इंजिन पूर्ण खोलायला सांगतो. खर्च नव्या पंपाच्या निम्म्यावर जातो. घरीच दुरुस्त होईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : होईल, आणि इंजिन खोलायची घाई मुळीच करू नका. मे महिन्यात पंप नीट पाणी ओढत होता ना? मग नुसता पडून राहून रिंगा, म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, झिजत नाहीत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत आधी बिघडतात ते पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची दोन टोकं) आणि कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग).

पेट्रोलचा डबा लांब ठेवा. प्लग काढून पुन्हा टोपीत बसवा, भोकापासून दूर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दोरी ओढा. निळी, कडक ठिणगी हवी. नवा प्लग लावूनही ती पडत नसेल तर पॉइंट बघा. जुन्या मॉडेलात ते फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनच्या जड चाकाखाली, असतात. फ्लायव्हील पुलरनेच, म्हणजे चाक ओढून काढायच्या हत्यारानेच, काढायचं. शाफ्टवर हातोडी घातली की आटे गेले, मग लेथवाल्याशिवाय सुटका नाही. पॉइंटच्या टोकांवर करडा थर दिसेल. बारीक पॉलिश पेपर मध्ये धरून अलगद ओढा, नंतर कोरा कागद ओढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवा. पुष्कळदा पंप एवढ्यावरच उठतो.

ठिणगी चांगली असेल तर कार्ब्युरेटरची वाटी उतरवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं पेट्रोल फेकूनच द्या. जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक असलेला भाग, पितळेचा असतो. त्यात सुई घालू नका, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक तार पुरते. आणि मे महिन्यात पंप रॉकेलवरच बंद केला होता का, ते आठवा. वाटीत रॉकेल असेल तर थंड इंजिन पेटतच नाही. बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवून थोडा वेळ चालवायची सवय घरात सगळ्यांनाच लावा.

एवढं करूनही पंप उठत नसेल आणि दोरी हलकीच येत असेल, म्हणजे इंजिनात दाब धरत नसेल, तर प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, प्लग लावा आणि पुन्हा ओढा. दोरी जड झाली तर रिंगा किंवा बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) गेलाय. नाहीच झाली तर व्हॉल्व्ह बसत नाही. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घरी घासता येतो. बोअरचं काम मात्र मेकॅनिकलाच द्या, तिथे पैसे वाचवू नका.