घडीच्या चाकूचं पातं डुगडुगतं

प्रश्न : माझ्या लायनर लॉकच्या (उघडलेलं पातं आतल्या पट्टीने अडवून धरणाऱ्या) चाकूचं पातं उघडल्यावर हलतं. बिजागरीचा स्क्रू आवळला, तर उघडायला जड जातं. काय करावं?

उत्तर : आधी दिशा पाहा. पातं डावी-उजवीकडे हलत असेल, तर दोष स्क्रूचाच. एकदम आवळू नका. अष्टमांश फेरा द्या, उघडझाप करा, हलणं थांबलं की थांबा. वारंवार सैल होत असेल, तर आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) अगदी छोटा थेंब. तो वॉशरला लागला तर पातं जाम होतं. वर-खाली हलत असेल, तर स्क्रू आवळून उपयोग नाही : लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला नीट टेकत नाही. तिथला मळ, तेल पुसा. तरीही पट्टी पार पलीकडच्या कडेला सरकत असेल, तर ती झिजली आहे. असा चाकू वापरूच नका, जोर दिल्यावर तो बोटांवर मिटू शकतो.