दोर सैल ठेवायचा की ताणायचा?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही स्लाउला राहतो. जुलैत सासू-सासरे येतायत म्हणून वेल्सच्या लँगोलेन कालव्यावर आठवडाभर नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट बोट) बुक केलीय. सासरे मालवणचे, आयुष्य होडीत गेलेलं, ते आत्तापासूनच फोनवर बजावतायत की रात्री दोर सैल सोडा नाहीतर होडी लटकेल. बोटवाल्यांच्या व्हिडिओत मात्र ताणून बांधा म्हणतात. ऐकू कोणाचं? आणि वाटेल तिथे थांबलं तर चालतं का?

उत्तर : सासऱ्यांचं बरोबरच आहे हो, पण ते खाडीत. तिथे ओहोटीला पाणी उतरतं, दोर आखूड असला की होडी लटकणारच. कालव्यात कसली आलीय भरती, पातळी जवळजवळ तीच राहते. तिथे सैल दोराचाच त्रास होतो, कारण कालवा अरुंद आणि उथळ, शेजारून दुसरी बोट गेली की पाणी ओढलं जातं आणि तुमची बोट आधी एकीकडे मग दुसरीकडे सरकते, दोर सैल असला तर ते १५-१६ टनांचं धूड वेग घेतं आणि असा हिसका देतं की मेख मातीतून उपटून येते. आमचं पहिल्या वर्षी हेच झालं. सकाळी चहा ठेवायला उठले तर खिडकीत पायवाटेऐवजी समोरच्या काठावरची गाय! बोट कालव्यात आडवी, मागचा दोर मेखेसकट पाण्यात, आणि नवरा नाईट ड्रेसमध्ये बांबू घेऊन ढकलतोय.

तर पुढचा दोर पुढे तिरका न्या, मागचा मागे तिरका. काटकोनात सरळ काठाकडे बांधलात तर बोट पुढेमागे झुलत राहते. मेख ठोकताना तिचं डोकं बोटीपासून लांब कललेलं ठेवा आणि दोर अगदी जमिनीलगत गुंडाळा. माती भुसभुशीत असेल तर दोन मेखा एकमेकींना फुली करून ठोका. काठाला लोखंडी पत्रे असतील तिथे मेख नको, पायलिंग हुक (पत्र्यात अडकणारा लोखंडी आकडा) अडकवा. छपराच्या मधल्या दोराने रात्री बांधू नका, त्या दोराने बोट कलते आणि झोपेत कपाट उघडून ताटवाट्या खाली येतात (हाही अनुभव). मेखेवर पांढरी पिशवी बांधा, अंधारात कोणी ठेचकाळायला नको.

या कालव्याची एक गंमत म्हणजे इथलं पाणी चक्क वाहतं. लँगोलेनच्या वर थॉमस टेलफर्डने १८०८ मध्ये डी नदीवर बंधारा घातला, हॉर्सशू फॉल्स म्हणतात त्याला, तिथलं पाणी कालव्यातून पार हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत जातं. म्हणजे लँगोलेनकडे जाताना तुमचं नाक प्रवाहाकडे असणार आणि पुढच्या दोरावर जास्त ताण येणार, झोपण्याआधी तो एकदा ओढून बघाच.

थांबायचं शक्यतो पायवाटेच्या बाजूला, समोरचा काठ बऱ्याचदा खाजगी असतो. पाटी वाचा, कुठे ४८ तास तर कुठे १४ दिवस. वळणावर, पुलाखाली, बोट वळवायच्या रुंद जागेत आणि लॉकच्या (पाणी भरून किंवा उतरवून बोट वर-खाली नेणारा दारांचा कप्पा) धक्क्यावर बांधायची नाही. ट्रेव्हर ते लँगोलेन काही ठिकाणी एकाच बोटीपुरतं पाणी आहे, तिथे फोटोसाठीसुद्धा थांबू नका, समोरच्याच्या शिव्या वेल्श भाषेत असल्या तरी कळतात. रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद, तेव्हा सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी आधीच तापवून ठेवा. पॉन्टकसल्टे जलसेतू, म्हणजे कालवाच वरून नेणारा पूल, ओलांडताना (१८०५ चा, ३८ मीटर उंच) एका बाजूला कठडाच नाही, सासूबाईंना आतच बसू द्या किंवा पायवाटेने चालत येऊ द्या.

लॉकमध्ये मात्र सासऱ्यांचंच ऐका! पाणी उतरत असताना दोर पक्का बांधलेला असेल तर बोट खरोखर लटकते. तिथे दोर खुंटाला नुसता एक वेढा देऊन हातात धरायचा आणि हळूहळू सोडत जायचा. ग्रिंडली ब्रुकवरून जाणार असाल तर तिथे ६ लॉक आहेत, त्यातले ३ एकाला एक चिकटून. दोर त्यांच्याच हातात द्या, खूश होतील.