गाडीचं नंतर बघू, आधी राजीनामा थांबवा

एका वाचकाने लिहिलंय: पत्नीला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा हा दुर्मीळ कर्करोग आहे. दर तीन आठवड्यांनी मुंबईला न्यावं लागतं. भाड्याची गाडी जाऊन-येऊन ९,००० रुपये घेते. ५ लाखांची जुनी गाडी कर्जावर घेऊ का? ११,००० टोकन दिलंय.

नको. वर्षाला १७ फेऱ्या, म्हणजे भाडं दीड लाख. स्वतःच्या गाडीचे हप्ते १ लाख ३० हजार, पेट्रोल-टोल ८५ हजार, विमा-दुरुस्ती २५ हजार. झाले २ लाख ४० हजार. वर केमोनंतर रात्री गाडी चालवणार तुम्हीच.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, ‘पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय, म्हणजे तिच्यासोबत राहता येईल.’ ते वाचून मी गाडीचा हिशोब बाजूला ठेवला. उपचार चाललेत ते तुमच्या कंपनीच्या ५ लाखांच्या सामूहिक आरोग्य विम्यावर. नोकरी गेली की तो गेला. निदान झाल्यावर नवी पॉलिसी द्यायला कंपन्या बहुधा नकार देतात. दिलीच, तरी आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पगार ४८ हजार, वर्षाचे पावणेसहा लाख. त्यात हे विमाछत्र धरा. राजीनामा पावणेअकरा लाखांना पडतो. त्याऐवजी तीन महिने बिनपगारी रजा घेतली, तर दीड लाखाच्या आत भागेल. रजेत विमा चालू राहील, हे मात्र कंपनीकडून लेखी घ्या.

सोबतीचं म्हणाल तर धाकटा भाऊ दर तिसऱ्या फेरीला जायला तयार आहे, पण ‘बायको माझी आहे’ म्हणून तुम्ही नको म्हणता. त्याने दिलेल्या २ लाखांचा हिशोब मागितला म्हणून घरात अबोला. अहो, हिशोब मागणं म्हणजे संशय नव्हे! एक वही घाला, बिलं लावा, महिन्याला त्याला दाखवा. आणि त्याला जाऊ द्या.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या मूळ भाड्यात १०० टक्के सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. १७ पैकी १० फेऱ्या रेल्वेने झाल्या तरी ७०-७५ हजार वाचतील. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तेव्हा संसर्ग पटकन होतो, म्हणून गर्दीत नेऊ नका, तिथे भाड्याची गाडीच बरी. आणि डॉक्टरांना विचारा: उपचारांची योजना मुंबईची ठेवून काही केमो जवळच्या केंद्रात घेता येतील का? जमलं तर निम्म्या फेऱ्याच उरतील.

आता तुम्ही घेतलेली ती युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. वर्षाला १ लाख हप्ता, ‘पाच वर्षांत दुप्पट, उपचाराला कामी येईल’ असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. एकरकमी पैसे पाच वर्षांत दुप्पट व्हायलाही दरसाल १५ टक्के लागतात, दरवर्षी हप्ता भरत गेलात तर त्याहून जास्त. त्याची हमी कोणी लिहून दिलीय? पैसे पाच वर्षं अडकणार, आणि तुम्हाला ते या वर्षी हवेत. घरात असा आजार आहे हे माहीत असून ही पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. कागद हातात पडून १२ दिवस झालेत. ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होईल, बाजार हलला असेल तर थोडा फरक पडेल. सोमवारीच अर्ज द्या, पोच घ्या. साहेब चहा पाजून थांबवतील, थांबू नका.

टोकनचे ११ हजार मागून बघा. नाही मिळाले तर सोडा.