चॉप्स, सासूबाई आणि तो गुलाबी रंग

"मावशी, दर वीकेंडला ग्रिल लावतो पण पोर्क चॉप्सचं चामडंच होतं. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात, आत जरा गुलाबी दिसलं की कच्चं आहे म्हणून परत ग्रिलवर टाकायला लावतात. नवरा म्हणतो अजून जास्त वेळ मॅरिनेट कर, मुलं म्हणतात मध लाव, आणि गॅसचं ग्रिल काढून कोळशाचं घ्यावं का?"

अगं, एवढं लांबलचक पत्र लिहिलंस आणि त्यात थर्मामीटर एकदाही आला नाही! घरात तापाचा आहे, ओव्हनचा आहे, बाहेर किती थंडी आहे ते फोनवर दहादा बघतेस, आणि मांसात काय चाललंय ते मात्र रंगावरून ठरवणार. बाकीचं नंतर, आधी हे.

सासूबाईंना हसू नकोस. त्यांच्या पिढीला पोर्कमधल्या कृमींची भीती होती आणि ती उगीच नव्हती. अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा २०११ पर्यंत चॉप्स ७१ डिग्रीपर्यंत न्या म्हणूनच सांगत होतं. मग त्यांनी तो आकडा ६३ वर आणला, म्हणजे तुमच्याकडे फॅरनहाइट चालत असेल तर १४५, आणि वर ३ मिनिटं तसंच राहू द्यायचं. त्या कृमी त्याच्या बऱ्याच आधी मरतात. ६३ ला मांस मधे थोडं गुलाबी दिसू शकतं, आणि ते चालतं. हे अख्ख्या चॉपचं सांगतेय हं, खिमा असेल तर ७१ च, तिथे सासूबाईंचंच ऐकायचं.

आता तुझ्या चॉप्सचं काय होतंय, तर लॉइनच्या, म्हणजे पाठीकडच्या भागाच्या, चॉपमधे चरबी नसतेच फारशी, त्यामुळे ६३ वर रसदार असलेला चॉप ७० च्या पुढे गेला की आकसतो, पाणी सोडतो आणि मग तू कितीही सॉस ओत. आणि "एका बाजूने पाच मिनिटं" या हिशोबाला काही अर्थ नाही, कारण चॉप किती जाड, फ्रीजमधून कधी काढला, वारा किती, ग्रिल किती तापलंय, सगळं दर वेळी वेगळं. आमचे हे बोटाने दाबून सांगायचे, झाला म्हणून, आणि आम्ही सगळे मुकाट्याने चावत बसायचो. शेवटी लेकीने थर्मामीटर आणून दिला. दोन दिवस फुगून बसले, आता तोच खिशात घेऊन फिरतात आणि जावयाला हातसुद्धा लावू देत नाहीत!

तो वरून खुपसू नकोस, कडेने आडवा घाल, टोक बरोब्बर मधे आलं पाहिजे आणि हाडाला लागायला नको, नाहीतर आकडा चुकतो. ६० च्या आसपास चॉप काढ, ताटलीत ठेव, आतली उष्णता त्याला अजून वर नेते. ६३ झाले का ते ताटलीतच परत बघ, आणि नाही झाले तर जरा वेळ पुन्हा ग्रिलवर. सारखी टोचाटोची करू नका, शेवटी शेवटी बघितलं की पुरे.

चॉप इंचभर तरी जाड घे, सव्वा असेल तर उत्तमच. पातळ चॉपला वरून रंग येईपर्यंत आतून तो कामातून गेलेला असतो. ग्रिलच्या एका बाजूला आच मोठी ठेव, दुसरीकडे बंद किंवा अगदी कमी. मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंना रंग आला की चॉप कमी आचेकडे सरकव आणि झाकण लाव. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा दे म्हणजे चॉप वाकडा होत नाही.

नवऱ्याला सांग, मॅरिनेडमधलं मीठ सोडलं तर बाकीचं बरंचसं वरच राहतं, आणि आंबट मॅरिनेडमधे फार वेळ ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. त्यापेक्षा आदल्या रात्री नुसतं मीठ चोळ, किलोला सपाट दोन छोटे चमचे बारीक मीठ, फ्रीजमधे उघडंच ठेव, दुसऱ्या दिवशी टिपून कोरडं कर, मग मिरी, लसूण काय हवं ते. फक्त पाकिटावरचं लेबल वाच, काही मांसात आधीच मिठाचं पाणी भरलेलं असतं, त्याला अजून मीठ लावलंस तर खारट होईल.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, आकडा त्यांनाच वाचायला लाव. माझ्या सासूबाईंना मी थर्मामीटर हातात दिला, तेव्हापासून "त्रेसष्ट झाले गं" अशी हाक त्याच मारायच्या आणि रंगाबद्दल परत अवाक्षर नाही.

मध शेवटच्या दोन मिनिटांत लाव, आधी लावलास तर करपेल. आणि कोळसा-बिळसा काही नको, आहे तेच ग्रिल राहू दे.